जाताना ट्राम, येताना सायकल

काल दुपारी एडिंबऱ्यात, लीथ भागातल्या फूट ऑफ द वॉकच्या स्टॉपवर ट्रामची वाट बघत उभी होते, सायकल हातात, पाऊस बारीक बारीक, आणि वारा नेहमीप्रमाणे पश्चिमेकडून. शेजारी एक मुलगा, विद्यार्थीच असावा, त्याच्याकडे पण सायकल. जरा बिचकतच विचारलं त्याने, की खरंच घेऊ देतात का हो आत? म्हटलं देतात, गर्दीची वेळ सोडून कधीही, ये माझ्या मागे. चढला. आणि पुढची दहा मिनिटं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा, आता कोणीतरी येईल आणि खाली उतरवेल अशा चेहऱ्याने. कोणी आलं नाही. तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या, तिकीट बघितलं, सायकलकडे बघून जरा हसल्या आणि पुढे गेल्या.

तेव्हापासून डोक्यात होतं की एडिंबऱ्याच्या ट्रामबद्दल एकदा बसून लिहायचं. कारण ह्या शहरात कोणाशीही ट्रामचा विषय काढा, पहिल्यांदा पैशांचं येतं, मग रस्ते किती वर्षं खणले होते त्याचं, आणि सायकलचं कोणी बोलतच नाही. माझ्यासाठी मात्र ती ट्राम म्हणजे आधी सायकलच आहे.

माझं रोजचं सांगते. मी लीथमध्ये राहते, काम शहराच्या पश्चिम टोकाला, एडिंबरा पार्कच्या बाजूला, दुपारची शिफ्ट. अंतर अकरा-बारा किलोमीटर, म्हणजे सायकलला काही जास्त नाही, पुण्यात कॉलेजला असताना ह्याहून जास्त मारत होते. पण इथला वारा! बहुतेक दिवस तो पश्चिमेकडून नाहीतर नैऋत्येकडून येतो, म्हणजे जाताना पूर्ण वेळ छातीवर, आणि सोबत पाऊस असला की चष्म्यावरून पाणी, हातमोजे ओले, आणि कामावर पोचेपर्यंत जीव निम्मा. येताना तोच वारा पाठीला, नुसतं बसून राहिलं तरी सायकल पळते. म्हणून मी काय करते, जाताना सायकल ट्राममध्ये घालते आणि येताना चालवत येते. इतकं साधं आहे. पण हे साधं होण्यासाठी ट्राममध्ये सायकलला जागा पाहिजे, आणि ब्रिटनमध्ये घडीची नसलेली, अख्खी सायकल आत न्यायला परवानगी देणारी एडिंबऱ्याची ट्राम पहिलीच.

आता ती ट्राम इथवर कशी आली ते.

आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या (इथे जुन्या दगडी इमारतींमध्ये सगळ्यांचा मिळून एक जिना असतो, आपल्या वाड्यासारखंच, फक्त उभं), त्यांना जुनी ट्राम आठवत होती. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये, 16 तारखेला शेवटची ट्राम श्रबहिलच्या डेपोत गेली, ती जागा आमच्या घरापासून चालत थोड्या अंतरावर. त्यांच्या आईच्या वेळची गोष्ट तर अजून गंमतशीर होती. तेव्हा लीथ हे वेगळं गाव होतं, लीथच्या ट्रामी विजेवर आणि एडिंबऱ्याच्या ट्रामी जमिनीखालच्या दोराने ओढलेल्या, त्यामुळे दोन्ही गावांच्या हद्दीवर, पिलरिगला, सगळ्यांनी उतरून दुसऱ्या ट्राममध्ये बसायचं. पावसात, पोराबाळांना घेऊन. 1920 ला दोन्ही गावं एक झाली आणि त्यानंतर ते थांबलं. मला हे ऐकताना आमचे आजोबा आठवले, ते दादरला राहायचे आणि शेवटपर्यंत दादर टीटीच म्हणायचे, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला कितीतरी उशिरा कळलं. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ची. ट्राम गेली, नाव मागे राहिलं.

मग जवळजवळ पन्नास वर्षांनी एडिंबऱ्याला परत ट्राम हवीशी झाली. कल्पना चांगलीच होती, अजूनही चांगलीच आहे असं माझं ठाम मत आहे. विमानतळापासून शहराच्या मधून थेट न्यूहेवनच्या समुद्रापर्यंत एक लाइन, आणि शिवाय उत्तरेला ग्रँटनकडे दुसरी. त्यासाठी नगरपालिकेने 2002 ला स्वतःची एक कंपनी काढली, तिला सगळे टाय म्हणायचे. 2006 ला स्कॉटिश पार्लमेंटने कायदे केले. 2007 ला सरकार बदललं, नवीन अल्पमतातल्या सरकारला ट्राम नकोच होती, पण पार्लमेंटमध्ये ते मतदानात हरले आणि 500 मिलियन पौंड द्यावे लागले, वर नगरपालिकेचे 45, असे मिळून 545 मिलियन. 2011 ला ट्राम धावणार होती.

2008 च्या मे महिन्यात करार झाला आणि खरी गडबड त्या करारातच होती. सगळ्यांना वाटत होतं की किंमत ठरलेली आहे, आता वाढायची नाही. पण सही झाली तेव्हा डिझाइन पूर्ण नव्हतं, आणि रस्त्याखालचे पाइप, केबली हलवायचं काम पण संपलेलं नव्हतं. मग ठेकेदारांनी किंमत दिली ती काही गोष्टी गृहीत धरून, आणि करारात एक भाग असा, की गृहीत धरल्यापेक्षा काही वेगळं निघालं तर तो बदल, त्याचे पैसे वेगळे. ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना हे लगेच कळेल. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं 'भिंत सरळ आहे असं धरून', आणि प्लास्टर काढलं की भिंत सरळ नसतेच, मग एक्स्ट्रा आयटम, मग अजून एक एक्स्ट्रा आयटम. इथे अख्खं शहर होतं, जमिनीखाली कित्येक वर्षांचे पाइप, जुनी तळघरं, नकाशात नसलेल्या केबली, आणि लीथच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर तर चर्चच्या बाजूला रस्त्याखाली मध्ययुगातल्या माणसांची थडगी, शेकड्यांनी सांगाडे. ते सगळे सांभाळून, नीट नोंद करून काढायला लागले, आणि ते तसंच व्हायला पाहिजे, त्यात कोणी तक्रार करू नये.

2009 ला फेब्रुवारीत प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शहराचा मुख्य रस्ता, खणायची वेळ आली आणि भांडण उघडं पडलं, काम थांबलं. मग सुरू, मग वाद, मग परत बंद. एकदा रूळ टाकून झाल्यावर बाजूचा रस्ताच उखडायला लागला म्हणून 2011 ला तोच रस्ता परत खणला. ह्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरसेवकांनी मत दिलं की ट्राम फक्त हेमार्केटपर्यंतच न्यायची, म्हणजे शहराच्या मध्यापर्यंत पण नाही, आणि आठवडाभरातच ते फिरवलं. टाय कंपनी बंद केली. शेवटी 31 मे 2014 ला ट्राम सुरू झाली, तीन वर्षं उशिरा, 14 किलोमीटर, शहराच्या मध्यातल्या यॉर्क प्लेसपर्यंतच, आणि खर्च 776 मिलियन पौंड, कर्जावरचं व्याज धरलं तर एक अब्जाच्या वर. लीथ आणि न्यूहेवन राहिलेच. आमच्या लीथ वॉकवरच्या दुकानदारांनी पाइपांसाठी खणलेला रस्ता वर्षानुवर्षं सोसला आणि शेवटी दारात ट्राम आलीच नाही, हे मला आजही फार लागतं. मी इथे आले तोपर्यंत काही दुकानं बंद झालेली होती, आणि उरलेल्यांच्या काउंटरवर ट्राम हा शब्द काढला की माणूस गप्प व्हायचा.

ह्याची चौकशी पण झाली, न्यायाधीश लॉर्ड हार्डी यांची. 2014 ला नेमली आणि रिपोर्ट आला 2023 च्या सप्टेंबरला. नऊ वर्षं, 13 मिलियन पौंड. सगळ्यात मोठा दोष टायवर, पण नगरपालिका आणि स्कॉटिश मंत्र्यांवर पण, की नगरसेवकांपर्यंत खरी माहिती पोचली नाही, की ज्या सरकारी खात्याने लक्ष ठेवायचं त्यालाच मागे घेतलं. मी त्यातला बराच भाग वाचला, रात्री, हळूहळू. वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. पैसा, करार, डिझाइन, पाइप, सगळ्यावर पानंच्या पानं, आणि ज्या रस्त्यावर हे रूळ बसवले त्याच रस्त्यावरून रोज सायकली जातात हे मला त्या सगळ्यात शोधावं लागलं.

रूळ आणि सायकल ह्यांचं काय होतं ते ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगते. रस्त्यात बसवलेल्या ट्रामच्या रुळाला बाजूने एक खाच असते, ट्रामच्या चाकाची कड त्यात बसते. ती खाच सायकलचं टायर आत जाईल एवढी असते. काटकोनात ओलांडलात तर काही होत नाही, पण तिरके गेलात, म्हणजे रुळाच्या दिशेनेच हळूहळू सरकत गेलात, की पुढचं चाक खाचेत बसतं आणि हँडल वळतच नाही, आणि तुम्ही पडता, पुढे, एकदम. पाऊस असला तर खाचेत जायची पण गरज नाही, ओल्या लोखंडावरून चाक नुसतं घसरतं. लोक विचारतात की खाचेत रबर का भरत नाहीत. भरता येतं, पण दर काही मिनिटांनी ट्राम त्यावरून गेली की ते रबर टिकत नाही. म्हणून उपाय एकच, रस्ता असा आखायचा की सायकलवाल्याला रूळ सरळ ओलांडता यावा. आणि ते आधी करायचं असतं, रूळ बसवल्यावर नाही.

मी पडले ते दुसऱ्या हिवाळ्यात. एका वळणावर मागून टॅक्सी आली, मी बाजूला घेतलं, आणि रूळ. मनगट. सहा आठवडे प्लास्टर. इमर्जन्सीमधल्या नर्सने मी काही सांगायच्या आधीच विचारलं, 'ट्राम?' नुसता एक शब्द. त्यांच्यासाठी ते रोजचंच झालेलं. पुढे इथल्याच डॉक्टरांनी मोजून प्रसिद्ध केलं, 2009 ते 2016 मध्ये ट्रामच्या रुळांमुळे जखमी होऊन आलेले 191 सायकलवाले. हे फक्त हॉस्पिटलमध्ये आलेले, उठून कपडे झटकून घरी गेलेले ह्यात नाहीत.

आणि 31 मे 2017. ट्राम सुरू होऊन बरोबर तीन वर्षं त्या दिवशी झाली होती. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला एक 23 वर्षांची मुलगी, मेडिकलची विद्यार्थिनी, परदेशातून इथे शिकायला आलेली, सायकलचं चाक रुळात अडकून पडली आणि मागच्या गाडीखाली गेली. मी तिला ओळखत नव्हते. पण घरापासून इतक्या लांब आलेली मुलगी, सकाळी सायकल काढून निघालेली, आणि तिकडे घरी फोन. मी कित्येक दिवस त्या चौकातून सायकल हातात धरून चालत गेले. त्यानंतर चौकांमध्ये बदल करायला घेतले, लाल पट्टे, पाट्या, कुठे ओलांडायचं ते दाखवणाऱ्या खुणा. हे सगळं पहिल्या दिवशी करता आलं असतं. मला ह्या एकाच गोष्टीचा राग अजून आहे, पैशांचा त्यामानाने काहीच नाही.

आता ट्रामच्या आतल्या सायकलीचं. ट्राम सुरू झाली तेव्हा सायकलला बंदीच होती. इथे स्पोक्स म्हणून सायकलवाल्यांची संस्था आहे, 1977 पासूनची, सगळे स्वतःच्या वेळात काम करणारे लोक, त्यांनी हे लावून धरलं, पत्रं, मीटिंगा, परत पत्रं. मग 2014 च्या शेवटी थोड्या आठवड्यांचा प्रयोग झाला, काही गोंधळ झाला नाही, कोणाला लागलं नाही, आणि 2015 पासून कायमची परवानगी. नियम साधे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नाही, ऑगस्टमध्ये फेस्टिव्हल असतो तेव्हा नाही, एका ट्राममध्ये मोजक्याच सायकली, सायकलजवळ स्वतः उभं राहायचं, आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी आली तर आधी त्यांची जागा. ट्रामचा तळ प्लॅटफॉर्मला समान आहे त्यामुळे उचलायला लागत नाही, नुसती ढकलत आत. जवळजवळ 43 मीटर लांब ट्राम, अडीचशे माणसं मावतात, दुपारी बारा वाजता त्यात माझी एक सायकल कोणाला जड होणार?

खर्च किती आला ह्याला? काही स्टिकर लावले असतील, स्टाफला सूचना दिल्या असतील. पाऊण अब्ज पौंडांच्या कामात ज्या गोष्टीने माझा रोजचा दिवस बदलला ती जवळजवळ फुकटात झाली, आणि ती कोणाच्या मूळ प्लॅनमध्ये नव्हती.

बाकी ठिकाणी पण बघते मी, जिथे जाईन तिथे. इथल्या लोथियन कंपनीच्या बसमध्ये फक्त घडीची सायकल चालते. दक्षिणेला बॉर्डर्स भागाकडे जाणाऱ्या काही बसमध्ये मात्र दोन सायकली लावायची जागा आहे, पीबल्सला मी तशी गेले आहे. आणि ग्लासगोहून ओबानला जाणाऱ्या ट्रेनला 2021 पासून एक खास डबा जोडतात, त्यात वीस सायकली मावतात, खिडकीतून तळी आणि डोंगर आणि आतमध्ये ओळीने टांगलेल्या सायकली, त्या डब्यात बसल्यावर मला इतका आनंद झाला की दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याने तिकडून पुणे मेट्रोतला फोटो पाठवला, त्याची सायकल वनाझच्या स्टेशनवर. पुण्याच्या मेट्रोने 2022 ला सुरू झाल्याझाल्याच सायकलला परवानगी दिली होती, नागपूरने तर त्याच्याही आधी. त्यामुळे मागच्या डिसेंबरमध्ये गेले तेव्हा मुद्दाम करून बघितलं, वनाझहून सायकल घेऊन. आत काही अडचण नाही, लोक सरकून जागा देतात. अडचण स्टेशनच्या बाहेर पडल्यावर, कर्वे रोडवर. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात मला माझ्याच लहानपणीच्या रस्त्यावर भीती वाटली. आईने विचारलं, तिकडे चालवतेस तशी इकडे का नाही चालवत, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

परत एडिंबऱ्याकडे. न्यूहेवनपर्यंतचा राहिलेला तुकडा शेवटी 2019 ला मंजूर झाला आणि 7 जून 2023 ला सुरू झाला, 207 मिलियनच्या आसपास, आठ नवीन स्टॉप. ह्यावेळी शहाणपणाने केलं. रस्ता एकदाच उघडायचा, खालचं सगळं एकदाच हलवायचं, मग रूळ, मग बंद. आणि नवीन ट्रामी घ्यायलाच लागल्या नाहीत, कारण पहिल्यांदाच पूर्ण लाइनसाठी 27 घेऊन ठेवल्या होत्या आणि लाइन अर्धीच झाल्यामुळे त्यातल्या काही जास्तीच्या झाल्या होत्या. लीथ वॉकवर सायकलसाठी वेगळी लेन पण केली, एका ठिकाणी खांबांना वळसा घालत इतकी नागमोडी की फोटो सगळीकडे फिरले आणि लोक हसले. हसू देत. मी रोज त्या लेनवरून जाते, गाड्यांपासून वेगळी, रुळांपासून वेगळी, आठ-दहा वर्षांची मुलं एकटी शाळेत जाताना दिसतात त्यावरून. खालच्या मजल्यावरच्या आजी तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी दारातून ट्राम गेली तेव्हा मी त्यांच्या खिडकीकडे बघितलं.

आणि आता नवीन प्रश्न आलाय, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. पुढची लाइन, ग्रँटनपासून शहरातून दक्षिणेला बायोक्वार्टरच्या हॉस्पिटलपर्यंत. गरज आहे, ग्रँटनला हजारो घरं होणार आहेत. पण उत्तरेकडून शहरात यायचं कुठून? दोन रस्ते. एक, रोझबर्नचा जुना रेल्वेमार्ग. तिथली रेल्वे कधीच बंद झाली, आता तिथे झाडांच्या बोगद्यासारखी सायकलवाट आहे, वरून दगडी पूल, बाजूला ब्रँबलची काटेरी झुडपं, रात्री कोल्हे, बॅजर पण आहेत. दुसरा, ऑर्चर्ड ब्रेवरून आणि 1831 चा डीन ब्रिज ओलांडून, साध्या रस्त्याने. 2025 ला लोकांची मतं मागवली होती, मी पण फॉर्म भरला.

रोझबर्नची वाट म्हणजे माझी येतानाची वाट. रात्री साडेनऊला काम संपवून निघते, रोझबर्न, क्रेगलीथ, मग वॉरिस्टनकडून खाली लीथ, एकही सिग्नल नाही, एकही गाडी नाही, पाठीला वारा. प्लॅनमध्ये म्हटलंय की ट्रामच्या शेजारी वाट ठेवू. ठेवतील. पण झाडं राहणार नाहीत तेवढी, आणि चालणारे, कुत्री, मुलं, सायकली सगळे एका पट्ट्यात. त्या जमिनीवर ट्रामचा हक्क 2006 च्या कायद्यापासून राखून ठेवलेला आहे हे मला माहितीये, आणि रेल्वेच्या जागी परत रूळ यावेत ह्यात तत्त्वाने काही चूक नाही हे पण मान्य. तरी मी फॉर्ममध्ये डीन ब्रिज लिहिलं. तिकडे वस्ती दाट, ऑफिसं, आणि वेस्टर्न जनरल हॉस्पिटल जवळ पडतं, ज्यांना चालवत नाही त्यांना ट्राम दाराशी पाहिजे, जंगलातल्या खड्ड्यात नको. आणि हो, डीन ब्रिजवर रूळ आले की सायकलवाल्यांचा प्रश्न परत येणार, अरुंद पूल, ओला रूळ. म्हणून त्याच फॉर्ममध्ये शेवटच्या रकान्यात अर्धं पान लिहिलं, की रुळाची पहिली रेघ माराल त्याच दिवशी सायकलची रेघ शेजारी मारा, कोन मोजा, आणि ट्राम मागवताना सायकलच्या हुकांसकट मागवा. त्या वळणाचं आणि मनगटाचं पण लिहिलं. 31 मे 2017 चं लिहिलं.

काल तो मुलगा हेमार्केटला उतरला. उतरताना विचारलं, रुळांचं काही सांभाळायला लागतं का? दार बंद होईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, सरळ ओलांड, पाऊस असला तर उतर. त्याने मान हलवली आणि सायकल ढकलत रूळ ओलांडून पलीकडे गेला, सरळ, काटकोनात.